शेंडा खुडा, पानं राखा: मार्चात टोमॅटो का भाजतात आणि पिवळेच का राहतात

फेब्रुवारी संपत आला की मला ओळखीपाळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते फोटो येऊ लागतात. झाड माणसाएवढं उंच, ग्रिलच्या बाहेर डोकावणारं, वर पिवळ्या फुलांचे तुरे, खाली लिंबाएवढी हिरवी फळं. सोबत प्रश्न : "पिकत का नाहीत? पानं काढू का?" पंधरा दिवसांनी त्याच माणसाकडून दुसरा फोटो येतो. फळाच्या एका अंगावर पांढरट, कागदासारखा चट्टा. पानं काढून झालेली असतात.

हा दुसरा फोटो काही वर्षांपूर्वी मी स्वतःही काढलाय. मुलुंडला आमच्या गच्चीवर पाच ग्रो बॅगा होत्या. मार्चातल्या एका रविवारी पोहे खाऊन कात्री घेतली आणि "फळांना ऊन लागलं की पिकतील" म्हणत खालपासून वरपर्यंत पानं उतरवत गेले. झाडाची मुंज लावली म्हणा ना. सगळं भादरलं आणि वरची शेंडी तेवढी ठेवली, कारण तिला फुलं होती. नेमकं उलट करायला हवं होतं, हे कळायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या फळांवर चट्टे. अंगठ्याने दाबलं तर तेवढाच भाग ओल्या पापडासारखा लिबलिबीत, बाकीचं फळ कडक. आठवड्याने चट्टा सुकून आत ओढला गेला आणि त्यावर काळी बुरशी बसली. कापून पाहिलं तर खालचा गर पांढरा, दोरेदार, कसलीच चव नसलेला.

आमच्या सोसायटीचे माळीकाका मूळचे जुन्नरकडचे. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, झाडाची चूल काढून घेतली, आन् वर उन्हात हुबं केलं."

मुळात घोटाळा कुठे होतो

हंगाम संपताना टोमॅटो छाटायचा सल्ला जिथून आपल्याकडे येतो, तिथे हंगाम थंडीने संपतो. गोठवणारी रात्र येणार असते, ऊन कमी झालेलं असतं, म्हणून तिकडची माणसं त्याच्या चार ते सहा आठवडे आधी शेंडा मारतात आणि फळांवरची पानं विरळ करतात. त्यांचं बरोबर आहे. त्यांचा सूर्य आता कलायला लागलेला असतो.

आपल्याकडे उलटं. मुंबईत टोमॅटोचा हंगाम उन्हाने संपतो. झाड काढायची वेळ येते ती गारठ्यामुळे नाही, तर रात्री गरम होतात म्हणून. फळधारणेला रात्रीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास लागतं. सांताक्रूझच्या वेधशाळेची किमान तापमानं पाहा : जानेवारीत सरासरी 17 च्या जवळपास, मार्चात 21 च्या वर, एप्रिलमध्ये 24-25, मेमध्ये 27. म्हणजे मार्चपासून फूल येतं, पण धरत नाही. दांडीचा मधला सांधा पिवळा पडतो आणि फूल गळतं. दिवसाचा पारा 35 च्या वर गेला की परागही कामातून जातात. त्यात हवेत दमटपणा असला की पराग चिकट होऊन फुलातच बसतात.

मार्च त्यातही फसवा. समुद्रावरचं वारं सकाळी वेळेवर सुरू झालं तर दिवस निभतो. पूर्वेकडचं गरम वारं जोरात असेल आणि समुद्राचं वारं दुपारपर्यंत अडून राहिलं, तर पारा एकदम उसळतो. सांताक्रूझचा मार्च महिन्याचा उच्चांक 41.7 अंशांचा आहे, 28 मार्च 1956 चा. मुलुंड-भांडुपसारख्या आतल्या भागात समुद्राचं वारं आणखी उशिरा पोचतं. कुलाबा-गिरगावकरांना दुपार थोडी सुसह्य, पण त्यांच्या हिवाळ्यातल्या रात्री आमच्याइतक्या गार होत नाहीत. त्यामुळे हंगाम लांबतो असं त्यांनीही समजू नये.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "मग नारायणगावच्या बाजारात उन्हाळ्यात टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट कसे येतात?" येतात, कारण ते घाटावर आहे. तिथे दिवसा आपल्यापेक्षा जास्त तापतं, पण रात्र उतरते. टोमॅटोला दुपारपेक्षा रात्र महत्त्वाची. ती रात्र मुंबईत विकत मिळत नाही.

पिकण्याला ऊन लागत नाही

हे एकदा पटलं की कात्री आपोआप खाली येते. टोमॅटो पिकतो तो फळाने स्वतः सोडलेल्या इथिलीन वायूने आणि बेताच्या उबेत. फळावर थेट ऊन पडायची गरज नसते. पानाआडचा टोमॅटो उन्हातल्या टोमॅटोइतकाच पिकतो, उलट जास्त चांगला पिकतो. लाल रंग देणारं लायकोपीन 20 ते 25 अंशांत छान तयार होतं. 30 च्या वर ते बनणं मंदावतं आणि पुढे थांबतंच. पिवळा-नारिंगी रंग देणारं कॅरोटीन मात्र बनत राहतं. म्हणून मार्चअखेरीस फळं नारिंगी होऊन अडतात आणि देठाजवळचे खांदे हिरवे, कडक राहतात. आपण म्हणतो ऊन कमी पडलं. प्रत्यक्षात जास्त झालेलं असतं. थेट उन्हातल्या फळाची साल हवेपेक्षा सहज दहा अंशांनी जास्त तापते. हवा 34 असेल तर साल 44. तिथे लाल रंग कुठून येणार? तिथे चट्टाच येणार.

आणि फळात गोडी येते ती पानांतून. शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' या आपल्या चळवळीतून लोकांना हेच शिकवलं, की शेती म्हणजे पानांवर पडणारं ऊन पकडणं. पान काढलं की तेवढी कमाई बुडाली. मुंबईत गच्चीवर भाजी करणाऱ्या बऱ्याच जणांनी त्यांच्याच विचारातून सुरुवात केली, पण कात्री हातात आली की हे आधी विसरलं जातं. मीही विसरले होतेच.

मग छाटायचं काय

आधी जात ओळखा, कारण सगळं त्यावर आहे. दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पानं येत असतील आणि शेंडा थांबायचं नावच घेत नसेल, तर वेलासारखी वाढणारी जात. पुसा रुबी अशी, बहुतेक चेरी टोमॅटो असेच. दोन घोसांच्या मध्ये एक-दोनच पानं आणि फांदीच्या टोकाला घोस येऊन वाढ आपणहून थांबत असेल, तर झुडपी जात. अर्का रक्षकसारख्या काही जाती या दोन्हींच्या मधल्या. झुडपी जातीचा शेंडा खुडण्यात अर्थ नाही, ती स्वतःच खुडून बसलेली असते. तिचे फुटवे काढले तर फळंच काढली. तिची फक्त जमिनीला टेकलेली आणि रोगट पानं काढा, बाकी हात लावू नका. पुढचं सगळं वेलजातीसाठी आहे.

वेलजातीचं शेवटचं मुख्य काम म्हणजे शेंडा खुडणं. हिशेब उलटा मोजायचा. फूल उमलल्यापासून लाल फळ हातात येईपर्यंत दीड ते दोन महिने जातात, चेरीला थोडे कमी. एप्रिलअखेर झाड काढायचं धरलं, तर फेब्रुवारीअखेरनंतर उमललेल्या फुलाचं फळ पिकून मिळण्याची आशा सोडा. तसंही ते रात्रींच्या उकाड्यात धरणारच नाही. मग त्या फुलांना आणि त्यांच्या वरच्या दोन फुटांच्या कोवळ्या वाढीला पाणी-खत कशाला घालायचं?

आमच्या घरात याला एक जुनी खूण आहे. महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत जाते असं आजी म्हणायची, आणि होळी जळाली की थंडी पळाली. शिवरात्रीला शेंडा खुडायचा, होळीनंतर पानाला कात्री लावायची नाही. दोन्हींत जेमतेम पंधरवडा असतो, तेवढ्यात साफसफाई उरकायची. मात्र अधिक मासाच्या फेऱ्यात शिवरात्र पुढे-मागे सरकते. 2025 मध्ये ती 26 फेब्रुवारीला होती, 2024 मध्ये थेट 8 मार्चला. मार्चात येईल त्या वर्षी तिच्यासाठी थांबू नका, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात खुडून मोकळे व्हा.

कसा खुडायचा : वरून खाली बघत या. वाटाण्याएवढी तरी फळं धरलेला सगळ्यात वरचा घोस शोधा. त्याच्यावर दोन पानं ठेवा आणि त्यावरचं सगळं काढा. ती दोन पानं राखायचीच, कारण त्या घोसाचं अन्न तिथूनच येतं आणि सावलीही तीच देतात. कोवळा शेंडा बोटांनीच मोडतो, कट्कन आवाज येतो. दोरे निघायला लागले तर तो जून झालाय, तिथे कात्री वापरा. पहिल्यांदा खुडताना जीव तुटतो. चार तुरे फुलांनी भरलेले असतात आणि ते डब्यात टाकायचे असतात. टाका.

खुडल्यावर आठ दिवसांत झाड सूड घेतं. प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा येतो. एरवी ते सगळे काढायचे. पण पश्चिमेच्या अंगाला घोस उघडा पडत असेल तर त्याच्या वरचा एक फुटवा वाढू द्या, फक्त त्याची फुलं चिमटत राहा. तो घोसाची छत्री होतो. ही युक्ती मला माळीकाकांनी दिली आणि चट्टे निम्म्याने कमी झाले ते तिच्यामुळेच, असं माझं मत आहे.

पानांचं म्हणाल तर खालच्या, सगळ्यात आधीच्या घोसाच्या खालची पानं काढायला हरकत नाही. ती बहुधा पिवळी पडलेली असतात, मातीला टेकतात आणि करप्याचे गोल-गोल वलयांचे तपकिरी ठिपके तिथूनच वर चढतात. पण एका वेळी झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त नाही, आणि मध्ये आठवडा जाऊ द्या. सकाळी दव वाळल्यावर करा म्हणजे जखम दिवसभरात सुकते. फळ धरलेल्या घोसाच्या आजूबाजूचं हिरवं पान म्हणजे हात न लावायचं पान. एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ.

आधीच भादरलं असेल तर

मागची पानं परत येत नाहीत, तेव्हा सावली बाहेरून आणा. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट मिळते, पण मी जुनी सुती साडी वापरते. ग्रिलला चिमट्यांनी लावायची, बारा ते चार एवढ्या वेळापुरती. वारा जायला झाडापासून हातभर लांब. पूर्वेच्या बाल्कनीला याची गरज पडत नाही, पश्चिमेच्या खिडकीला मात्र हवीच. चट्टा पडलेली फळं लगेच काढा. ती बरी होत नाहीत आणि बुरशी पसरवतात. चट्टा सुका असेल तर तेवढा भाग कापून बाकी आमटीत चालतं.

पाण्याचं वेळापत्रकही याच वेळी बिघडतं. पानं कमी झाली म्हणून पाणी कमी लागेल असं वाटतं, पण मार्चात बारा इंची पिशवी दिवसभरात कोरडी पडते. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की फळ तडकतं आणि बुडाशी काळं पडतं. बूड काळं पडण्याचं कारण कॅल्शियम फळापर्यंत न पोचणं. मातीत ते बहुधा असतंच, अनियमित पाण्यामुळे वर चढत नाही. अंड्याची टरफलं टाकून आठवड्यात फरक पडत नाही, त्यांना कुजायला महिने लागतात. सकाळी पोटभर, संध्याकाळी बोट घालून कोरडं लागलं तर थोडं, एवढंच. वर आच्छादन घाला. मार्चात रसवंत्या सुरू होतात, त्यांच्याकडे चिपाड फुकट मिळतं. दोन दिवस गच्चीवर कडक वाळवून मगच घाला, नाहीतर मुंग्यांची वारी लागते. शेणखताचं पाणी, जीवामृत वगैरे शेंडा खुडल्यावर बंद. आता नत्र दिलं तर फक्त फुटवे येतील.

पानं वळली म्हणजे रोगच असं नाही

छाटणीनंतर खालची पानं द्रोणासारखी वर वळतात, जाड होतात, हात लावला तर चामड्यासारखी लागतात. रंग हिरवा, नसा नेहमीच्या. हा रोग नाही. एकदम जास्त पानं गेली आणि वर ऊन पडलं की झाड असं आखडतं. फळांवर फारसा परिणाम होत नाही, औषध फवारू नका.

वेगळं चित्र म्हणजे वरची नवी पानं बारीक, कडा पिवळ्या, चुरगळलेली, दोन पानांतलं अंतर कमी होऊन सगळा शेंडा झुडपासारखा. हा पर्णगुच्छ, विषाणूचा. पान हलवलं की पांढऱ्या माश्या उडतात, त्याच तो पसरवतात, आणि उकाडा वाढला की त्याही वाढतात. याला छाटणी हा उपाय नाही. शेंडा काढला तर नवा फुटवाही तसाच येतो. धरलेली फळं मोठी असतील तर ती काढा आणि झाड पिशवीत बांधून बाहेर, शेजारच्या कुंड्यांवर न झटकता. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून सुरुवात करा, पण सकाळीच.

तिसरा एक प्रकार थोडा अवघड आहे, कारण त्यात माणसं दुखावतात. तंबाखूचा मोझॅक विषाणू हातांवरून आणि कात्रीवरून जातो. पानांवर फिकट-गडद हिरवे डाग, पान थोडं अरुंद. तंबाखूच्या पुडीतही तो जिवंत असू शकतो. माळीकाका तळहातावर चुना लावून मळतात, मग त्याच हाताने फुटवा खुडतात. मी एकदा हळूच साबणाची वडी पुढे केली. ते माझ्याकडे बघत राहिले. "झाडाला बी सोवळं?" म्हणाले, आणि धुतले हात. आता न सांगता धुतात. कात्री प्रत्येक झाडानंतर मी साबणाच्या पाण्यात बुडवते.

काढलेली हिरवी फळं

एप्रिल लागला की फळ झाडावर लाल व्हायची वाट पाहू नका. बुडाशी पांढरट-गुलाबी छटा फुटली की तोडा. त्या टप्प्यावर झाडाकडून घ्यायचं ते फळाने घेतलेलं असतं, घरात ठेवून चवीत फारसं काही जात नाही. मात्र ओट्यावर गॅसशेजारी किंवा खिडकीत ठेवलं तर घरातही नारिंगीच होईल. आमच्याकडे माठाच्या तिवईखाली फरशी गार असते, तिथे टोपलीत वर्तमानपत्रावर एका थरात मांडते. घाई असेल तर सोबत एक पिकलेलं केळं. फ्रिजमध्ये कच्चं ठेवू नका, गारठ्याने पिकण्याची क्रियाच थांबते आणि चव पिठूळ होते.

अजून पूर्ण न वाढलेली, गच्च हिरवी फळं पिकतील अशी आशा नको. त्यांच्या फोडी तेलावर हिरव्या मिरच्या-लसणीबरोबर परतायच्या, भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट घालून पाट्यावर किंवा मिक्सरला जाडसर वाटायचं, वर चिमूटभर गूळ. भाकरीबरोबर दोन दिवसांत संपतं. आमच्याकडे तर लोक आता मुद्दाम हिरवेच मागतात, हा वेगळाच ताप.

दर वर्षी हेच का होतं, याचं खरं उत्तर

छाटणीत नाही, लावणीत आहे. आपण लावतो उशिरा. फेब्रुवारीत राणीच्या बागेतलं फुला-भाज्यांचं प्रदर्शन बघून आलं की हात शिवशिवतात, येताना रोपं घेतली जातात. मीही दोन वर्षं तेच केलं. फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं तेव्हा मार्चअखेर झालेली असते. मग कितीही छाटा. फुलं गळतात, चार फळं धरतात आणि ती भाजतात.

बी गणपतीच्या सुमारास ट्रेमध्ये, रोपं दसऱ्याच्या आसपास मोठ्या पिशवीत, पाऊस ओसरला की. म्हणजे सगळं फूल डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींवर येतं, आणि शिवरात्रीला शेंडा खुडताना खालचे दोन-तीन घोस आधीच घरात आलेले असतात.

एप्रिलअखेर झाड उपटलं की मुळं बघा. गाठी-गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आहेत. ती माती तशीच पुढे वापरू नका. ओली करून गच्चीवर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा, कडा विटांनी दाबा, आणि मेपासून चार-सहा आठवडे तशीच तापू द्या. पहिली मोठी सर येण्याआधी मात्र उचला. गेल्या वर्षी मी एक दिवस उशीर केला आणि अर्धी माती गच्चीच्या मोरीत गेली. मोरी तुंबली ते वेगळं. ती उपसायला माळीकाकाच आले होते.